बसची गोळी

माझ्या दुकानात ‘बसची गोळी’ मागायला दोन प्रकारची माणसं येतात. दुकान मंगरूळपीरच्या एसटी स्टँडसमोर, त्यामुळे पहिल्या प्रकारच्यांना तोटा नाही. गाडीत बसलं की मळमळतं, डोकं गरगरतं, खिडकीशी जागा मिळाली नाही तर शेजाऱ्याचं काही खरं नसतं, अशी ही माणसं. दुसऱ्या प्रकारात एकच बाई मोडते. ती इंझोरीहून महिन्यातून एकदा येते आणि तिच्या ‘बस’चा एसटीशी काही संबंध नाही. तिची गोळी मी वेगळ्या डब्यात ठेवतो. का ठेवतो, ते सांगायचं तर माझी एक चूक सांगावी लागेल, आणि चूक कबूल करण्याचा मला फारसा सराव नाही.

खेड्यापाड्यातून येणारी माणसं मला डॉक्टरसाहेब म्हणतात. मी डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा केलेला दुकानदार आहे. पण कोणी डॉक्टरसाहेब म्हटलं म्हणून मी त्याला कधी अडवलं नाही, उलट त्याला औषध जरा लवकर दिलं. चष्म्यावरून चिठ्ठी बघायची, ‘हं’ करायचं आणि औषधासोबत दोन शब्द शहाणपणाचेही बांधून द्यायचे, ही माझी जुनी खोड. बायको म्हणते, तुमच्या दुकानात औषधापेक्षा बोलणंच जास्त खपतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या खांद्यावर जेमतेम दोन महिन्यांची पोर होती. अकोल्याच्या दवाखान्यातून सुटून ती गावी निघाली होती आणि इथं गाडी बदलायची होती. चिठ्ठीवर एकच औषध होतं. मी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

“पोरीला होतं काय?” मी विचारलं.

“झटके येत होते, डॉक्टरसाहेब. जलमल्याच्या तिसऱ्या दिवसापासून.”

मग तिने सांगितलं, ते असं. हिच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. त्यालाही असेच झटके यायचे. घरच्यांनी नाकाला कांदा लावला, चप्पल हुंगवली, कोणी काही बांधून आणलं, आणि दुसऱ्या महिन्यात ते लेकरू गेलं. त्यामुळे हिचा हात पहिल्यांदा आखडला तेव्हा ती कोणाचं ऐकत बसली नाही. ओली बाळंतीण होती, तरी तशीच उठून अकोल्याला गेली. तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी झटक्यांची एकामागून एक औषधं देऊन पाहिली. कशाचाच उपयोग होईना. शेवटी त्यांनी एक साधं इंजेक्शन शिरेतून दिलं, आणि झटके तिथल्या तिथं थांबले.

“नळ बंद केल्यावानी,” ती म्हणाली. “तेच औषध आता गोळीतून द्यायचं हाये. जलमभर. सकाळी एक अन् संध्याकाळी एक, कुटून. एक दिवसबी चुकवायची नाही म्हने.”

मी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि चक्क हसलो. चिठ्ठीवर होतं बी-सिक्स. व्हिटॅमिन.

“ताई, ही काही झटक्याची गोळी नाही,” मी म्हणालो. “ही ताकदीची गोळी आहे. द्या बिनधास्त.”

आमच्याकडे ‘ताकदीची गोळी’ हा शब्द किती चालतो ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सोंगणी करून अंग मोडून आलेला माणूस ताकदीची गोळी मागतो. बाळंतिणीला ताकदीची गोळी, तापातून उठलेल्याला ताकदीची गोळी, पोरगं परीक्षेला बसलं की त्यालाही तीच. लाल, पिवळी, चॉकलेटी, कुठलीही चालते. माझ्या दुकानात त्या सगळ्यांचा एकच खण होता आणि माझ्या डोक्यातही तो तसाच होता. मला वाटलं मी त्या बाईला आनंदाची बातमी देतो आहे. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पिशवीत गोळ्या ठेवल्या आणि ती गाडीकडे गेली.

त्यानंतर ती दर महिन्याला येत राहिली. पोर बाळसं धरत होती. दीड वर्षाची झाली तेव्हा कट्ट्याला धरून उभी राहायची आणि माझ्या काचेवर थापा मारायची. चालत नव्हती, बोलत नव्हती, पण हसायची खूप.

त्या पावसाळ्यात एकदा माझ्याकडचा तो माल संपला होता. नवा आला नव्हता. दुकानात गर्दी, तिची गाडी लागलेली, आणि मी सवयीने खणातून दुसरं एक पाकीट काढून दिलं. बी-कॉम्प्लेक्सचं.

“तेच आहे,” मी म्हणालो, “कंपनी वेगळी.”

हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की त्याला आता अर्थ उरलेला नाही. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

तिने पाकीट उलटंसुलटं केलं. “याचा रंग अलग हाये, डॉक्टरसाहेब.”

“रंगावर काय जाता? ताकदीचीच गोळी आहे.”

ती जरा घुटमळली. मागच्या माणसाने कोपर पुढे केलं, आणि ती गेली.

पंधरा-वीस दिवसांनी ती भर दुपारी आली. पोर खांद्यावर होती. मान टाकून झोपल्यासारखी दिसत होती, पण डोळे उघडे होते. तिने कट्ट्यावर दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. एक जुनं, रिकामं. दुसरं मी दिलेलं.

“याच्यावर किती लिहेल हाये, वाचून सांगा.”

मी जुनं हातात घेतलं. “शंभर मिलिग्रॅम.”

“अन् याच्यावर?”

नव्या पाकिटावर दहा नावांची बारीक अक्षरातली रांग होती. बी-सिक्स शोधायला मला चष्मा काढावा लागला. त्याच्यापुढे तीन लिहिलेलं होतं.

“तीन,” मी म्हणालो.

“मी सातवी शिकेल हाये. मले वाचता येते,” ती म्हणाली. “पन मले तुमच्या तोंडून आयकायचं होतं. आज अकोल्याहून सुट्टी झाली. सा दिवस भरती होती. झटके थांबतच नव्हते. उभी राहत होती, ते बी गेलं.”

खरं सांगतो, मी आधी चिडलो. माणूस चुकला की पहिल्यांदा दुसऱ्यावरच ओरडतो. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या अक्षरात लिहायला नको का, पाकीट बदलल्यावर तुम्ही फोन का नाही केला, मी एकटा माणूस काय काय बघणार, असं मी बरंच बोललो. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं ऐकत होती, म्हणून आवाज आणखी चढवला. तिने मला पुरतं बोलू दिलं.

“झालं?” तिने विचारलं. “आता मी सांगू?”

आणि तिने सांगितलं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंना सहा दिवस प्रश्न विचारून विचारून तिने जे समजून घेतलं होतं, ते तिने आपल्या शब्दांत मला दिलं. आजवर मला कोणी काही इतकं स्वच्छ शिकवलेलं नाही.

“डोक्यात दोन निरोप चालतेत. एक म्हनते ‘चाल’ अन् एक म्हनते ‘बस’. पंगतीत वाढनारा कसा, तुमी ‘बस’ म्हनेपरेंत वाढतच राह्यते? आता ‘बस’ म्हननारं कोनी नसलंच त काय होईन? ताट वाहून जाईन. माह्या पोरीचं तसं होते. ‘चाल’ म्हननारे सगळे हायेत, ‘बस’ म्हननारं तयारच होत नाही. ते तयार कराले ही गोळी लागते.”

मी काढलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“तुमी हिले ताकदीची गोळी म्हन्ता. तिले ताकद कायले पायजे? झटक्यात लय ताकद असते. चार जनाईनं धरली त आवरत नाही. तिले थांबनं पायजे.” तिने दोन्ही पाकिटं उचलली. “आजपासून हिले ताकदीची गोळी म्हनू नका. बसची गोळी म्हना. मंग तुमचा हात दुसऱ्या डब्यात जानार नाही.”

पायरी उतरताना ती म्हणाली, “येते भाऊ.” डॉक्टरसाहेब गेले होते. ते पुन्हा कधी परत आले नाहीत.

त्या दुपारी मी अर्धं शटर ओढलं आणि माळ्यावरून डिप्लोमाची पुस्तकं काढली. जे पुस्तकात नव्हतं ते फोनवर शोधलं. बाईने सांगितलेलं शब्दन् शब्द खरं होतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना उठवतात, तशाच एकमेकींना आवरतातही. आवरण्याचं काम करणाऱ्या द्रव्याला गाबा म्हणतात, आणि ते तयार करणाऱ्या यंत्रणेला बी-सिक्स लागतंच लागतं. हे मी एकेकाळी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण तिच्या पोरीच्या अंगात घोटाळा आणखी मागे होता. डाळीत, दुधात, अंड्यात लायसिन नावाचा एक घटक असतो. तो आपल्या शरीरात टप्प्याटप्प्याने मोडतो. हिच्या शरीरात तो अर्ध्यावरच अडतो, आणि तो अर्धवट मोडलेला माल साचून साचून बी-सिक्सलाच धरून बसतो. खाण्यातून मिळणारं बी-सिक्स इतर लेकरांना पुरतं, हिचं मात्र असं अडकून पडतं. म्हणून गोळी मोठी द्यायची. पण वाटेल तेवढी नाही, कारण फार झाली तर हातापायाच्या नसांना बाधते. म्हणजे शंभरही मोजूनच.

हा दोष आईबापाकडून येतो. दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, एकच आली तर माणूस ठणठणीत. ही बाई नवऱ्याच्या मामाची मुलगी. आमच्याकडे असं लग्न ठरलं की सगळ्यांना बरं वाटतं, नातं घरातल्या घरात राहतं. त्या नात्यातून हेही घरातल्या घरात राहिलं. पहिल्या लेकराच्या वेळी गावाने तिला पांढऱ्या पायाची ठरवलं होतं. दुसऱ्या वेळी तपासण्या झाल्यावर तिने सासूला चार माणसांत सांगितलं, “अर्धं माह्याकून हाये, अर्धं तुमच्या लेकाकून. आता कोनाचे पाय पाह्यता?” हे मला नंतर कळलं, आणि मी एकटाच दुकानात हसलो.

वाचता वाचता आणखी काही सापडलं. अशाच घराण्यातून येणाऱ्या आजारांपैकी एकात ‘बस’ म्हणणारं द्रव्य तयार होतं, पण त्याचा निचरा होत नाही, आणि लेकरू सैल, सुस्त पडतं. आणखी एकात भलताच घटक मेंदूत साचतो आणि बाळ श्वास घ्यायलाही थकतं. ती पानं मी भीत भीत वाचली. आपलं डोकं रोज सकाळी ठिकाणावर असतं, ‘चाल’ आणि ‘बस’ यांचा हिशोब कोणी न सांगता जुळतो, याचं मला त्या दिवसापर्यंत कधी नवल वाटलं नव्हतं. आता वाटतं. आणि त्या डॉक्टरीणबाईंचंही वाटतं, ज्यांना भारी औषधं हरल्यावर साध्या व्हिटॅमिनची आठवण झाली. मी त्यांना पाहिलेलं नाही. कधी भेटल्या तर पाया पडेन, वयाने लहान असल्या तरी.

दुसऱ्या दिवशी मी एक रिकामा स्टीलचा डबा घेतला, त्यावर चिकटपट्टी लावली आणि लिहिलं, ‘बस’. तेव्हापासून तिचा दोन महिन्यांचा माल त्यात आधीच असतो. आठवड्यातून एकदा मी तो उघडून मोजतो. दोन-तीनदा गाडी लागणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्या डब्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मी त्यांच्यावर उगाच खेकसलो.

पोरगी तीन वर्षांची झाली त्या वर्षी, सोयाबीन निघाल्यावर, मी स्कूटरवरून इंझोरीला गेलो. निमित्त गोळ्या पोचवायचं. खरं कारण असं की ती दोन महिने स्वतः आली नव्हती, नवराच येऊन गोळ्या नेत होता, आणि मला नको नको ते सुचत होतं. ती शेतात सापडली. चहूबाजूंनी सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं आणि मधे ज्वारीचा एक चिंचोळा पट्टा. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून तेलाचा रिकामा डबा काठीने बडवत होती. पोरगी गोणपाटावर बसून ताटली बडवत होती.

“ज्वारी कायले पेरली?” मी विचारलं. “सगळ्या गावाची पाखरं तुमच्याच वावरात आली.”

“सारेच म्हन्तेत. आता कोनी पेरत नाही, म्हून सारे पाखरं माह्याकडंच पंगतीले.” तिने डबा खाली ठेवला. “हिच्यासाठी पेरली. डॉक्टरीणबाई म्हने, हिले जे पचत नाही ते जवारीत कमी असते. सोयाबीनमंदी त ठासून भरेल असते. पहा भाऊ, ज्याच्यावर आमचं घर चालते, तेच पोरीले चालत नाही.”

डाळ बंद नव्हती. वाढत्या अंगाला तीही हवी, पण बेताने. तिच्याकडे एक छोटी स्टीलची वाटी होती आणि तिच्या आत खिळ्याने ओढलेली रेघ. वरण त्या रेघेपर्यंत, दिवसातून एकदा. घरी हे जमायचं. अडचण गावाची होती. आमच्या भागात वरण न वाढणं म्हणजे लेकराला उपाशी ठेवणं. पोरीला कोणी उचलून आपल्या दारात नेलं की मायेने वाटी पुढे करायचं, आणि ही धावत जाऊन तिच्या तोंडासमोर हात आडवा धरायची. बाया म्हणायच्या, काय बाई आहे, पोटच्या पोरीचा घास काढते. ते बोलणं तिला लागलं होतं. मला सांगताना तिचे डोळे भरले, पण पाखरं उतरताच तिने डबा उचलून पुन्हा बडवला.

“म्हून येनं झालं नाही. पट्टा सोडला त एक कनीस उरत नाही,” ती म्हणाली. “मले पाखरं हाकल्याचं काही नाही वाटत. बोलत नाही अजून, त्याचं वाटते. उद्या शायेत जाईन, तथी खिचडी असते. कोनाच्या लग्नात जाईन. मी किती दिस हिच्या ताटावर हात धरीन? हिचं ‘बस’ हिले म्हनता आलं पायजे.”

“डॉक्टरीणबाई काय म्हणतात?”

“बोलन म्हन्तेत. कवा, ते त्यायलेबी मालूम नाही.”

ते सहा दिवस, ते झटके, त्याचा पोरीच्या बोलण्याशी किती संबंध होता हे मी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर ते माझ्यासोबत होतं, आणि अजूनही असतं. ती पोर पुढे चालायला लागली, सव्वातीन वर्षांची झाल्यावर. चार वर्षांची झाल्यावर ‘आई’ म्हणाली, ‘पानी’ म्हणाली. ही बातमी द्यायला आई दुकानात आली तेव्हा मी पेढे आणले आणि मग आठवलं, दूध. ते मी आणि गिऱ्हाइकांनी खाल्ले. माझ्यासमोर मात्र पोरगी कधी बोलली नाही. काचेवर थापा मारायची, एवढंच.

यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. कार्यालयवाला बुफेच करा म्हणत होता. मी भांडून एक पंगत तरी खाली बसवून घेतली आणि वरणाची बादली स्वतः हातात घेतली. मुलीच्या बापाने वरण वाढावं, मग बघा लोक कसे जेवतात. इंझोरीची मायलेक आली होती, ते मी दारातच पाहिलं होतं. मग हार, फोटो, व्याह्यांची माणसं, यात ते डोक्यातून गेलं.

पंगत लांब होती. मी वाकून वाढत होतो आणि नेहमीप्रमाणे तोंड चालू होतं. मागच्या पाव्हण्याशी बोलत होतो, हात पुढच्या ताटावर गेला होता. आमच्याकडे पहिल्या ‘बस’ला कोणी थांबत नाही. पहिलं ‘बस’ मानाचं, दुसरं सवयीचं, तिसऱ्यानंतर वाढणारा पुढे सरकतो. त्यामुळे पळी कलली आणि खाली एक लहानसा पंजा आडवा झाला, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, “घे गं, थोडं घे.”

“बस,” खालून आवाज आला.

मी खाली पाहिलं. साडेपाच वर्षांची पोर, दोन वेण्या, ताटात ज्वारीच्या भाकरीचे तुकडे. घरून आणलेली छोटी वाटी समोर, रेघेपर्यंत भरलेली, आणि तिच्यावर तिचा हात. बोटं घट्ट जुळवलेली. ती माझ्याकडे रागाने बघत होती.

शेजारी तिची आई बसली होती. तिचाही हात उठला होता. तो अर्ध्यावरच थांबला, आणि तिने तो सावकाश मांडीवर ठेवला.

मी पळी बादलीत सोडली. माझ्याच्याने सरळ उभं राहवेना आणि पुढेही जाववेना. त्याच पोरीच्या बाबतीत मी दुसऱ्यांदा तेच करायला निघालो होतो, न बघता, बोलण्याच्या नादात. या वेळी पोरीनेच मला थांबवलं होतं, आणि तेही एका शब्दात. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आई माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा सांगता येण्यासारखा नाही, म्हणून सांगत नाही. मग ती म्हणाली, “चाला भाऊ, पुढं व्हा. मांगं भातवाले थांबून राह्यले.”